मामीला एकदा विचारून बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

नागपुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात. नवरा फिरतीच्या नोकरीमुळे आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरगावी. घरात बहात्तर वर्षांचे सासरे. त्या स्वतः एका कंपनीचं हिशेबाचं काम घरूनच करतात, दहा ते सहा. शाळा बंद होऊन बारा दिवस झालेत आणि उघडायला अजून दीड महिना आहे. बाहेर पंचेचाळीस अंश, त्यामुळे अकरा ते पाच मुलांना खाली पाठवायची सोय नाही. मुलगा सकाळपासून ‘आई, कंटाळा आला’ म्हणत मागे फिरतो. एके दिवशी त्यांनी मोजलं, तर जेवणापर्यंत चौदा वेळा. दादाचं ऐकून धाकटीही तेच म्हणते. रंग, ठोकळे, मातीकामाचा संच असं दोन हजारांचं सामान आणून झालं. एकेक गोष्ट वीस मिनिटं टिकते, शेवटी मोबाइल द्यावा लागतो आणि रात्री स्वतःचीच लाज वाटते. सोसायटीतली बरीच मुलं शिबिरांना जातात, पण एका शिबिराची दोघांची फी अकरा हजार. सासरे म्हणतात, “आमच्या वेळी असली नाटकं नव्हती.” पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “वरुडकडे मामाच्या वाड्यात आम्ही पूर्ण सुट्टी काढायचो. कधी कंटाळा आला नाही. तो वाडाही आता विकला. माझ्या मुलांना मी तसं काहीच देऊ शकत नाही. त्यांना दिवसभर गुंतवून ठेवायला काय करू?”

ताई,

‘कंटाळा आला’ किती वेळा ऐकलं ते तुम्ही मोजलंत, हे वाचून हसू आलं. हिशेबाची सवय सुटत नाही. मग हा हिशेबही पुरा करू. चौदा वेळा त्याने म्हटलं, चौदा वेळा तुम्ही काहीतरी सुचवलंत. चित्र काढ. नको. ठोकळे काढ. नको. वाच काहीतरी. नको. तेरा वेळा नको आणि चौदाव्यांदा मोबाइल. जरा त्याच्या बाजूने बघा. प्रत्येक वेळी आईची नजर लॅपटॉपवरून उठते, आई विचार करते, विनवते, आणि नाही म्हणत राहिलं की शेवटी हवा तो माल पदरात पडतो. बर्डीच्या बाजारात आपल्यालाही इतकी घासाघीस जमत नाही. तुमच्या घरात सध्या सगळ्यात रंगलेला खेळ हाच आहे, मग दुसरा खेळ त्याला कशाला हवा?

म्हणून पहिली गोष्ट सांगते ती नवं काही आणण्याची नाही. सुचवणं थांबवा. “हो का? बरं,” एवढं म्हणायचं आणि कामाला लागायचं. रागाने नाही, टोमण्याने तर मुळीच नाही. पहिले चार-सहा दिवस कटकट वाढेल, हे आधीच सांगून ठेवते. रोजचं गिऱ्हाईक अचानक बंद झालं की दुकानदारही हाका मारतोच.

एक मात्र मनाशी तपासा. मुलांच्या तोंडी कंटाळा हा शब्द कशासाठीही येतो. अकरा वाजताचा कंटाळा पुष्कळदा वाटीभर मुरमुऱ्यांच्या चिवड्याने आणि तांब्याभर पाण्याने जातो. चार वाजताचा कंटाळा म्हणजे उकाडा असतो. आणि धाकटीचा कंटाळा, तुमच्या पत्रावरून मला वाटतं, म्हणजे ‘दादा मला खेळायला घेत नाही’. या तिन्ही कंटाळ्यांना एकच औषध चालणार नाही.

आता मामाच्या वाड्याकडे येते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

आम्हीही दर मे महिन्यात अचलपूरला आजोळी जायचो, सात-आठ भावंडं. तिथला कंटाळा मला चांगला आठवतो. दुपारी मोठी माणसं झोपलेली, आवाज केला तर धपाटा, आणि आम्ही माजघरातल्या थंड फरशीवर उताणे पडून वरच्या फळ्या मोजत असायचो. एकूण सत्तावीस होत्या, अजून लक्षात आहे. त्या मोजून झाल्यावर उलट्या मोजायच्या. कंटाळा आला हे कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती. सांगितलं की आजी सूप पुढे सरकवायची, “हे घे, तूर निवड.” त्यामुळे आम्ही सांगतच नसू. कंटाळा होता ताई, भरपूर होता. तो मोठ्यांपर्यंत पोचत नव्हता इतकंच, आणि पोचत नसल्यामुळे त्याचं काय करायचं ते आमचं आम्हालाच शोधावं लागे.

दुसरं असं की आपण ज्याला सुखाची सुट्टी म्हणतो, तो घरातल्या मामीचा वर्षातला सगळ्यात जड महिना होता. नणंदा माहेरी आलेल्या, पोरं धरून पंधरा-सोळा पानं, वाळवणं, लोणचं, रोजचा रस, त्यात विहिरीचं पाणी आटलेलं. तुम्हाला वाडा आठवतो, कारण तुम्ही तिथे पाहुण्या होतात. आज तुम्ही त्या घरातली मामी आहात. शिवाय दहा ते सहा नोकरी करणारी. आणि वर मुलांची करमणूकही स्वतःच करायला निघाला आहात, जी मामीने एक दिवसही केली नव्हती. तिला वेळच कुठे होता?

तेव्हा ‘मी काहीच देऊ शकत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. वाडा देता येणार नाही, खरं आहे. पण वाड्यात चालायचं ते कशामुळे, हे बघितलं तर त्यातलं बरंचसं तिसऱ्या मजल्यावरही बसतं. तिथे बरोबरची पोरं होती. पसारा केला तर ओरडणार नाही अशी एखादी जागा होती. आणि घरातली खरी कामं अंगावर येत होती. तुमच्या दोन हजारांच्या सामानात यातलं एकही नव्हतं, म्हणून ते वीस मिनिटं टिकलं.

बरोबरची पोरं ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणून तिच्यापासून. सोसायटीत शिबिराला न जाणारी, किंवा दुपारी बाराला परतणारी आणखी तीन-चार मुलं नक्की असतील. त्यांच्या घरी बोला आणि पाळी लावून टाका: दुपारी दोन ते साडेचार, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. ज्यांच्याकडे पाळी त्या घरातल्या मोठ्या माणसाने फक्त घरात असायचं आणि प्यायला पाणी ठेवायचं. खास खाणं करायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर आठवडाभरात एकीने पिझ्झा केला, मग दुसरीने केक, आणि त्या चढाओढीत बेत बुडाला, असं होतं. (आमच्या इमारतीत झालं होतं. चढाओढ मीच सुरू केली होती.) तुमच्याकडे पाळी आली त्या दिवशी आवाज होईल. कामाच्या बैठका नसतील तो वार मागून घ्या.

मुलं लहानमोठी असली तर उत्तम. एका वयाची मुलं एकमेकांशी स्पर्धा करतात, वेगवेगळ्या वयाची असली की नियम बनवतात. तुमच्या धाकटीला त्यात कच्चं लिंबू म्हणून घेतील. दोन आठवड्यांत ती पक्की होते की नाही बघा.

जागेचं म्हणाल, तर एक कोपरा द्या, खोलीतला किंवा गॅलरीतला. जुन्या चादरी, सुतळी, कपडे वाळवायचे चिमटे, आणि दुकानदाराकडे मागितले तर फुकट मिळणारे मोठे खोके. या कोपऱ्याचा एकच कायदा: तिथला पसारा रोज आवरायचा नाही, फक्त शनिवारी. मुलं काल अर्धवट सोडलेल्या खेळात आज परत शिरू शकली की खेळ वाढतो. रोज संध्याकाळी आपण ‘आवरा बरं’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शून्यापासून सुरुवात करायला लावतो. डोळ्यांना त्रास होईल, मान्य आहे. पडदा लावा.

कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आपण मुलांना फसवतो. ‘ये, मला मदत कर’ म्हणून हातात कणकेचा गोळा द्यायचा आणि नंतर तो टाकून द्यायचा, हे त्यांना कळतं. काम असं हवं की ते केलं नाही तर घराचं अडेल. सुट्टीभर माठ भरणं आणि त्यात वाळ्याची जुडी बदलणं मुलाकडे द्या. एखाद्या दिवशी विसरला तर सगळ्यांनी कोमट पाणी प्यायचं, आपण गुपचूप भरून ठेवायचं नाही. गॅलरीत पाखरांचं पाणी धाकटीकडे. पन्ह्याची जबाबदारी दोघांची: कैऱ्या तुम्ही उकडून द्या, गर काढणं, गूळ मोजणं, चव घेऊन भांडणं त्यांचं. कूलरचं पाणी मात्र मुलांच्या हाती देऊ नका. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. प्लग काढून, पायात चप्पल घालून, मोठ्यांनीच ते भरावं.

आणि सरगुंडे! तुमच्या मामीकडे होत असतील. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक दोरी करून काडीवर गुंडाळायची, हलकेच ओढून काढायची, वाळवायची आणि शिजवून रसाबरोबर खायची. नागपूर-अमरावतीकडची किती मुलं आता नुसतं लग्नाच्या रुखवतात ते बघतात. सात वर्षांच्या बोटांना हे काम मातीकामाच्या संचापेक्षा जास्त आवडेल, कारण शेवटी ते ताटात येतं. वाकडेतिकडे होतील, पण शिजल्यावर कुणाला कळतंय? वाळवण गॅलरीत घालून त्याची राखण सासऱ्यांकडे द्या.

सासऱ्यांवरून आठवलं. ‘आमच्या वेळी असली नाटकं नव्हती’ हे तुम्हाला टोमण्यासारखं लागतं आणि लागणारच, दिवसभराच्या कामानंतर ऐकलं की. पण एकदा त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन बघा. “बाबा, मग तुमच्या वेळी काय होतं? यांना दाखवा ना.” चिंचोके फोडून चार भाग घ्यायचे, एक बाजू काळी, एक पांढरी. जमिनीवर खडूने पाच गुणिले पाचची पंचवीस घरं. चारही कडांच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. पांढरे पडतील तितकी घरं चालायचं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटीने बाहेरून फेरी मारून आत जायचं, वाटेत दुसऱ्याची मारायची, फुलीवर मात्र कुणी मारत नाही. कुणी याला चल्लस आठ म्हणतं, कुणी अष्टचंग. बाबा तुमच्याकडचं नाव सांगतील आणि माझा एखादा नियम चुकीचाही ठरवतील. ठरवू द्या. पत्त्यांत धाकटीसाठी बदाम सात आणि झब्बू, चौथा भिडू मिळाला की मेंढीकोट.

पण त्यांना दिवसभराचा पहारेकरी करू नका. बहात्तराव्या वर्षी, या उन्हात, दुपारची झोप त्यांचा हक्क आहे. सकाळी आंघोळीनंतर तासभर आणि संध्याकाळी तासभर, एवढंच मागा. आणि ते त्यांना स्वतःला आवडतंय का, हेही विचारा.

तुमचा मुलगा दहा वर्षांचा, म्हणजे त्याला ‘हे खरं आहे का’ असं तपासून बघायला आवडायचं वय. त्याच्यासाठी एक गोष्ट सुचवते, आणि तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं आहे. नागपुरात २६ मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस तो हाच. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्यावर, मग सूर्य उत्तरेकडे सरकत आपल्यापर्यंत येतो. वर्षात दोनदा हे घडतं, पण दुसरी खेप जुलैत, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. गच्चीवर मीटरभराचा दांडा ओळंब्याने सरळ उभा करायचा आणि रोज त्याच वेळेला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. आत्ता ती सावली चार-पाच सेंटिमीटर असेल आणि रोज तीन-चार मिलिमीटरने आखडत जाईल. त्या दिवसापर्यंत ती उत्तरेला पडते, नंतर दक्षिणेला पडू लागते. हे पुस्तकात वाचून कळत नाही, खुणा बघून एकदम कळतं. २६ मे म्हणजे नेमके नवतपाचे, मेअखेरच्या कडक उन्हाचे दिवस, म्हणून टोपी, चप्पल, आणि पाच मिनिटांत खाली. बरोबर मोठं माणूस हवंच.

वाचनाची गोडी असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. तुमच्या स्वतःच्या लहानपणीचा एखादा अंक काढून द्या. आईने वाचलेलं आपण वाचतोय, यात मुलांना गंमत वाटते.

आता मोबाइल. रात्री लाज वाटते असं लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे शून्य असा नियम कुणीच घातलेला नाही. तासाभराने बिघडत नाही. बिघडतं ते तो तास कसा मिळतो त्याने. तुमच्याकडे तो रडून मिळतो, म्हणून रडणं वाढतं. वेळ ठरवा. पाळीचा खेळ साडेचारला संपतो, तर साडेचार ते साडेपाच टीव्ही किंवा मोबाइल, तेव्हा तुमचंही काम अंगावर आलेलं असतं. कंटाळा येवो न येवो, साडेचारला मिळणार आणि त्याआधी नाही. बक्षीस म्हणूनही देऊ नका, शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. रोजच्या वरणभातासारखा झाला की त्याचा भाव उतरतो.

शिबिराचं काय? अकरा हजार फक्त तास भरण्यासाठी घालणार असाल तर नको. मुलाने स्वतःहून ‘मला पोहायला शिकायचंय’ म्हटलं असेल, तर सकाळचा पोहण्याचा वर्ग लावा, बाकी कशात पैसे घालू नका. सुट्टीचे पहिले दहा दिवस काहीच न ठरवता जाऊ द्यावेत आणि मग मुलांना विचारावं, असं माझं मत आहे. तुमचे ते दिवस उलटून गेलेत, तेव्हा आता विचारायला हरकत नाही. ज्या आया रोज कार्यालयात जातात आणि घरी कुणी नसतं, त्यांना मात्र मी हे सांगणार नाही. त्यांच्यासाठी शिबिर म्हणजे पाळणाघर आहे, आणि तसं म्हणायला लाजू नये. त्यांनी निवडताना काय शिकवतात यापेक्षा किती वाजेपर्यंत ठेवतात आणि दुपारी थंडावा आहे का, एवढंच बघावं. एकुलतं एक मूल असेल त्यांनी पाळीचा खेळ सगळ्यात आधी जमवावा. भावंड विकत आणता येत नाही, शेजारचं उसनं मिळतं.

तुमच्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एका वाक्यात आला आणि संपला. फिरतीची नोकरी आहे, ठीक. पण महिन्यातले चार रविवार त्यांचे असू द्या, संपूर्ण, तुम्ही बरोबर न जाता. पहाटे साडेपाचला मुलांना घेऊन अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर. एखाद्या दिवशी मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय, एखाद्या दिवशी १८६३पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा, नाहीतर उन्हात दारावरून परतायची पाळी येते. मुलांना काय खायला द्यायचं, टोप्या कुठे आहेत, हे त्यांचं त्यांना शोधू द्या. फोन आला तरी उचलू नका.

आणि आज संध्याकाळी काम आटोपलं की मामीला फोन लावा. मुलांना जवळ बसवा, आवाज मोठा करा, आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्या. मामी, मे महिन्यात तुमच्याकडे किती माणसं असायची? एकेकाला किती पोळ्या लागायच्या? दिवसातून किती वेळा? मुलगा दहा वर्षांचा आहे, गुणाकार करून किती होतात ते त्यालाच काढू द्या.